भिंतीतली केबल तीच, वेग अडीचपट

ऑफिसचं नेटवर्क जुनं झालं म्हटलं की पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतात ते फोडलेले केसिंग, उघडं फॉल्स सीलिंग आणि नव्या केबलची वेटोळी. बहुतेक ऑफिसांत यातलं काहीही करावं लागत नाही. भिंतीत कॅट ५ई किंवा कॅट ६ दर्जाची केबल असेल तर तिच्यावरूनच १ ऐवजी २.५ गिगाबिट वेग मिळतो आणि कॅट ६ असेल तर बऱ्याचदा ५ गिगाबिटही. बदलायचं ते केबलच्या दोन टोकांना काय लावलंय ते: स्विच (सगळ्या केबल जिथे एकत्र येतात तो डबा), संगणकातलं नेटवर्क कार्ड आणि एखाद-दुसरं सॉकेट. केबल दगा देते तेव्हासुद्धा दोष बहुधा टोकापाशीच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये निघतो. मधले पन्नास मीटर बिचारे निर्दोष असतात.

आधी अडतंय कुठे ते बघा

इंटरनेट ३०० एमबीपीएसचं (सेकंदाला ३०० मेगाबिट) आहे आणि तक्रार वेबसाइट हळू उघडण्याची आहे, तर आतल्या वायरिंगला हात लावू नका. १ गिगाबिटची लाइन तिथे दोन तृतीयांशाहून जास्त रिकामीच आहे. वेग वाढवल्याचा फायदा दिसतो तो ऑफिसातल्या ऑफिसात मोठ्या फायली फिरतात तिथे: सर्व्हरवरचे व्हिडिओ, मोठी ड्रॉइंग, रात्रीचा बॅकअप, व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क.

१ गिगाबिटच्या लाइनवर प्रत्यक्षात ९४० एमबीपीएसच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे सेकंदाला साधारण ११२ मेगाबाइट. ५० जीबीची फाइल हलवायला साडेसात मिनिटं. २.५ गिगाबिटवर हेच सेकंदाला २८० मेगाबाइटच्या घरात जातं आणि काम तीन मिनिटांत उरकतं. १० गिगाबिटवर पाऊण मिनिट, पण डिस्कनं साथ दिली तर. साध्या फिरत्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला १५० ते २५० मेगाबाइट असतो. सर्व्हरमध्ये अशी एकच डिस्क असेल तर २.५ गिगाबिटवरच तिची दमछाक होते. त्यापुढे नेटवर्कवर केलेला खर्च वाया. साटा एसएसडी ५५० पर्यंत जाते, तिला ५ गिगाबिट शोभतं.

तपासायला सोपी युक्ती आहे. सर्व्हरवरून एकच मोठी फाइल संगणकावर ओढायची आणि टास्क मॅनेजरमधला नेटवर्कचा आलेख बघायचा. रेषा ९०० च्या वर जाऊन पाटीसारखी सपाट राहिली तर लाइन भरलेली आहे, अपग्रेड कामाचं. ती ३००-४०० च्या आसपास नाचत असेल तर अडचण डिस्कमध्ये, अँटिव्हायरसमध्ये किंवा सर्व्हरमध्ये शोधा. हजारो बारीक फायलींची कॉपी मात्र या परीक्षेला घेऊ नका. तिथे वेळ जातो तो प्रत्येक फाइल उघडण्या-बंद करण्यात, आणि तो लाइन रुंद करून वाचत नाही.

त्याच तारेत जास्त कसं मावतं

केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या. प्रत्येक जोडीला पीळ दिलेला असतो. गिगाबिट इथरनेट (मानक १९९९ चं) चारही जोड्या वापरतं, आणि तेही दोन्ही दिशांनी एकाच वेळी. प्रत्येक जोडीवर सेकंदाला १२.५ कोटी वेळा व्होल्टेज बदलतं. प्रत्येक वेळी व्होल्टेजच्या पाच पातळ्यांपैकी एक निवडली जाते आणि त्यातून २ बिट पुढे जातात. चार जोड्या, प्रत्येकी २ बिट, १२.५ कोटी वेळा: गुणाकार बरोबर १ गिगाबिट.

२००६ साली तांब्याच्या तारेवरचं १० गिगाबिट आलं. त्यात पातळ्या सोळा, बदलांची गती सेकंदाला ८० कोटी आणि दर वेळी जाणारे बिट सरासरी ३.१२५. एवढ्या बारीक पातळ्या ओळखायच्या तर आपल्याच सिग्नलचा प्रतिध्वनी आणि शेजारच्या जोडीतून झिरपलेला आवाज वजा करावा लागतो, चुका दुरुस्त कराव्या लागतात. ते काम चिप करते. पण तारेनंही ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा सिग्नल धड न्यायला हवा. कॅट ५ई ची हमी असते १०० मेगाहर्ट्झपर्यंत आणि कॅट ६ ची २५० पर्यंत. इथेच घोडं अडलं होतं.

दरम्यान वाय-फायचे अ‍ॅक्सेस पॉइंट १ गिगाबिटच्या पुढे निघाले आणि ते सगळे जुन्याच केबलवर लटकलेले होते. तेव्हा उपाय निघाला तो असा: १० गिगाबिटचंच तंत्र घ्यायचं आणि त्याची गती कमी करायची. गती चौथ्या हिश्शावर आणली की २.५ गिगाबिट मिळतं आणि सिग्नल १०० मेगाहर्ट्झमध्ये बसतो. निम्म्यावर आणली की ५ गिगाबिट, २०० मेगाहर्ट्झ. कॅट ५ई चे १०० आणि कॅट ६ चे २५० यांच्याशी हे आकडे ताडून पाहिले की सगळं गणित उलगडतं. हे मानक सप्टेंबर २०१६ मध्ये मंजूर झालं. म्हणजे २.५ गिगाबिट ही ताणलेली गिगाबिट लाइन नसून आवरतं घेतलेलं १० गिगाबिट आहे. जुन्या केबलवर ते निवांत चालतं ते म्हणूनच.

भिंतीत काय आहे ते वाचून घ्या

रॅकच्या, म्हणजे स्विच ठेवलेल्या कपाटाच्या, मागे केबलच्या आवरणावर प्रकार छापलेला असतो: कॅट ५, ५ई, ६ किंवा ६ए. शेजारी ठरावीक अंतरावर, मीटरमध्ये किंवा फुटांत, चढत्या क्रमानं आकडेही असतात. रॅकपाशी दिसणारा आकडा आणि सॉकेटच्या डब्यात दिसणारा आकडा यांची वजाबाकी केली की त्या केबलची लांबी जवळपास अचूक कळते. टेपची गरज नाही.

नियम असा की भिंतीतली पक्की केबल ९० मीटरपर्यंत आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड (टेबलापाशी आणि रॅकमध्ये लावायच्या सुट्या केबल) मिळून १० मीटर, एकूण १००. २.५ गिगाबिट कॅट ५ई वर आणि ५ गिगाबिट कॅट ६ वर ही पूर्ण लांबी गाठतं. १० गिगाबिटला पूर्ण लांबीसाठी कॅट ६ए लागते; साध्या कॅट ६ वर ते ५५ मीटरपर्यंत धरा आणि केबल एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतील तर ३७ मीटरपर्यंतच. कॅट ५ई वर ५ गिगाबिट बहुतेकदा चालून जातं, विशेषतः केबल ३०-४० मीटरची असेल तर. पण ते करून बघण्याच्या यादीत ठेवा, कुणाला शब्द देण्याच्या यादीत नको.

आवरणावर काहीही छापलं असलं तरी एक गोष्ट हातानं तपासाच. एक तार सोला आणि तिचं टोक ब्लेडनं खरवडा. आत तांबूस रंग राहिला तर ठीक. आत पांढरी-चंदेरी धातू निघाली आणि तार दोन-तीनदा वाकवताच तुटली, तर ती सीसीए केबल आहे: ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. कुठल्याच कॅट मानकात ती बसत नाही, आवरणावर कॅट ६ लिहिलेलं असलं तरी. तिचा विद्युतरोध जास्त, त्यामुळे लांब पल्ल्यावर सिग्नल मरतो आणि पीओईनं, म्हणजे त्याच केबलमधून, वीज पाठवली की केबल तापते. अशा केबलवर अपग्रेडचा विचार करू नका, ती काढायचीच.

खरा खेळ टोकांवर

एखादा संगणक गिगाबिटच्या स्विचला लावूनही १०० एमबीपीएसवरच जोडला जातो, हे प्रत्येक ऑफिसात कुठे ना कुठे दिसतंच. कारण जवळपास ठरलेलं असतं. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात, पिन १-२ आणि ३-६. गिगाबिट आणि त्यापुढच्या सगळ्या वेगांना चारही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी कुठे तरी तुटली किंवा नीट बसली नाही, की उरलेल्या दोन जोड्यांवर लाइन लंगडत चालू राहते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून अपग्रेडच्या आधी स्विचच्या सेटिंगच्या पानावर जाऊन १०० वर जोडलेली पोर्ट शोधा. मुळातच १०० चे असलेले प्रिंटर आणि हजेरीची मशीन वगळली की उरलेली यादी म्हणजे दुरुस्तीची यादी.

दुसरं कारण जुन्या काटकसरीचं: एकाच केबलमधल्या चार-चार तारा वाटून दोन सॉकेट काढलेली असतात. त्या केबलवर १०० च्या पुढे काहीच जाणार नाही. दोनपैकी एक सॉकेट बंद करून आठही तारा दुसऱ्याला द्यायच्या आणि टेबलावर गरज असेल तर लहान स्विच ठेवायचा.

आता भिंतीवरचा आयओ, म्हणजे सॉकेटचा डबा, उघडून बघू. फेसप्लेटचे दोन स्क्रू काढले की मागे जॅक दिसतो. घाईत केलेल्या कामात आवरण चार-पाच सेंटिमीटर सोललेलं असतं, जोड्या पूर्ण उलगडून तारा कंगव्यासारख्या सरळ केलेल्या असतात आणि मग एकेक तार खाचेत दाबलेली असते. काम देखणं दिसतं. पण शेजारच्या जोडीचा आवाज ज्या पिळामुळे कापला जातो तो पीळच तिथे संपलेला असतो. पीळ उलगडण्याची मर्यादा १३ मिलिमीटर आहे, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी. गिगाबिट हा आळस खपवून घेतं. २.५ वर तोच जॅक चुका द्यायला लागतो. उपाय दहा मिनिटांचा: खराब टोक कापून टाका, आवरण गरजेपुरतंच सोला, प्रत्येक जोडीचा पीळ अगदी खाचेच्या तोंडापर्यंत राहू द्या, पंच डाउन टूलनं तारा दाबा, आणि उरलेली केबल डब्यात कोंबताना तिला काटकोनात मोडू नका. वळण केबलच्या जाडीच्या निदान चौपट त्रिज्येचं हवं. नवीन जॅक केबलच्याच दर्जाचा किंवा वरचा घ्या. कॅट ६ केबलला कॅट ५ई जॅक लावला तर साखळी कॅट ५ई चीच झाली.

रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच ठेवा. बी पद्धतीत तो असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. इथे एक फसवी चूक होते. कुणी तरी हिरवी जोडी शेजारी-शेजारी, मग निळी शेजारी-शेजारी असं सोयीनं लावतं, आणि दोन्ही टोकांना तसंच. दिव्यांचा स्वस्त टेस्टर १ ते ८ क्रमानं हिरवे दिवे दाखवतो, कारण प्रत्येक तार जिथे पोचायची तिथे पोचते आहे. पण पिन ३ आणि ६ आता वेगवेगळ्या जोड्यांत गेल्या, पीळ निरुपयोगी झाला, आणि लांब केबलवर लाइन पडते-उठते. दिव्यांच्या टेस्टरला हे कधीच कळणार नाही. केबलचं सर्टिफिकेशन करणारं, म्हणजे तिचा दर्जा मोजणारं, यंत्र भाड्यानं मिळालं तर उत्तम. नाहीतर दोन्ही टोकं उघडून डोळ्यांनी रंग बघणं हाच खात्रीचा उपाय.

पॅच कॉर्डवर वेळ घालवू नका. टेबलाच्या पायाखाली चेंगरलेल्या, क्लिप तुटलेल्या, हातानं क्रिम्प केलेल्या आणि चपट्या कॉर्ड सरसकट फेकून कारखान्यात बनलेल्या कॅट ६ कॉर्ड लावा. सगळ्या अपग्रेडमधला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी बदल हाच.

शेजारच्या केबलचा गोंगाट

आपल्याच केबलमधल्या जोड्यांचा आवाज चिप वजा करू शकते, कारण त्या जोड्यांवर काय चाललंय ते तिला माहीत असतं. शेजारच्या केबलमध्ये काय चाललंय ते तिला कळायला मार्ग नाही. चोवीस केबलची जाडजूड मोळी दहा-दहा सेंटिमीटरवर प्लास्टिकच्या टायनं आवळलेली असते तेव्हा हाच परका गोंगाट ५ गिगाबिटला नडतो. २.५ ला त्याचा त्रास क्वचित होतो. टाय कापा, त्यांच्या जागी वेल्क्रोच्या सैल पट्ट्या लावा, ट्रेमध्ये केबल मोकळ्या पसरू द्या. ५ गिगाबिटचे संगणक थोडेच असतील तर पॅच पॅनेलवर (रॅकमधल्या सॉकेटच्या पट्टीवर) त्यांना एकमेकांशेजारी बसवू नका. हे सगळं करूनही चुका येत असतील तर ते पोर्ट २.५ वर आणून मोकळे व्हा.

स्विच, कार्ड आणि लपलेले अडथळे

सगळ्यांना वेग द्यायचा मोह आवरा. चोवीस जणांच्या ऑफिसात मोठ्या फायली ओढणारे पाच-सहाच असतात. त्यांच्यासाठी २.५ गिगाबिटचे आठ पोर्ट आणि १० गिगाबिटचा एक एसएफपी प्लस पोर्ट (ज्यात वेगळं मॉड्यूल किंवा खास केबल खुपसतात असा) असलेला स्विच पुरतो. बाकीचे जुन्या गिगाबिट स्विचवर राहू देत. सर्व्हर त्या १० गिगाबिट पोर्टला जोडायचा. तो १ गिगाबिटवरच ठेवला तर सहा टेबलांवरचा २.५ चा वेग त्या एका चिंचोळ्या दारात अडकेल. सर्व्हर त्याच रॅकमध्ये असेल तर दोन-तीन मीटरची डॅक केबल (दोन्ही टोकांना एसएफपी प्लसचे प्लग आधीच बसवलेली तांब्याची केबल) वापरा. एसएफपी प्लसच्या पोर्टात तांब्याच्या केबलचं १० गिगाबिट मॉड्यूल बसतं खरं, पण ते हात पोळेल इतकं तापतं, आणि त्यातली बरीचशी ३० मीटरपर्यंतचीच असतात. दोन मॉड्यूल शेजारी-शेजारी लावायचं टाळा.

जुनं १० गिगाबिटचं कार्ड किंवा स्विच स्वस्तात मिळत असेल तर जपून. २०१६ च्या मानकाआधीच्या बऱ्याच उपकरणांना १० आणि १ एवढंच येतं, मधलं काही येत नाही. कॅट ५ई वर १० जमलं नाही की ती थेट १ वर उतरतात. माहितीपत्रकात २.५ आणि ५ हे आकडे वेगळे छापलेले असले तरच घ्या.

संगणकात २.५ चं कार्ड बसवायला पीसीआय एक्सप्रेस २.० चा सर्वांत छोटा स्लॉट पुरतो. १० च्या कार्डाला ३.० चे निदान दोन लेन (डेटाच्या वाटा) हवेत. लॅपटॉपसाठी यूएसबी अ‍ॅडॉप्टर चालतो, पण तो यूएसबी ३ च्या पोर्टातच लावा. यूएसबी २ ची धाव ४८० एमबीपीएसपर्यंतच, म्हणजे २.५ चा अ‍ॅडॉप्टर घेऊन वेग पूर्वीच्या निम्म्यावर. कीबोर्डमधल्या किंवा जुन्या मॉनिटरमधल्या पोर्टात तो लावल्यावर हमखास हेच होतं.

टेबलावरचा आयपी फोन हा आणखी एक लपलेला अडथळा. भिंतीतून केबल फोनला आणि फोनमधून संगणकाला अशी जोडणी सगळीकडे असते. फोनच्या पोटातला स्विच १०० चा किंवा १ गिगाबिटचा असतो आणि त्याच्यामागे कितीही भारी कार्ड लावलं तरी वेग तेवढाच. वेगाची गरज असलेल्या संगणकाला स्वतंत्र सॉकेट द्या.

अ‍ॅक्सेस पॉइंटसाठी २.५ घेत असाल तर विजेचा हिशेबही करा. पीओईचे साधे पोर्ट १५.४ वॉट देतात, त्यावरचे ३० वॉट. नवे अ‍ॅक्सेस पॉइंट अनेकदा २० वॉटच्या पुढे मागतात. आठ पोर्टच्या स्विचचं एकूण बजेट ६० वॉट असेल तर त्यावर असे दोनच आरामात चालतील; तिसरा जोडताच कुणीतरी एक बंद पडेल आणि दोष केबलवर येईल.

दोन गिगाबिट लाइन जोडून, म्हणजे लिंक अ‍ॅग्रिगेशन करून, २ गिगाबिट मिळतात असं ऐकायला येतं. मिळतात, पण दोन वेगवेगळ्या लोकांना मिळून. एका माणसाची एक फाइल एकाच लाइनवरून जाते. जंबो फ्रेमच्या, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या पॅकेटच्या, भानगडीतही २.५ साठी पडू नका. एका जरी उपकरणाची सेटिंग वेगळी राहिली तर काही साइट उघडतात, काही अर्ध्यात लटकतात, आणि कारण शोधण्यात दिवस जातो.

बदलण्याचा दिवस

जुन्या स्विचच्या व्हीलॅनची (नेटवर्कच्या आभासी विभागांची) आणि इतर सेटिंगची प्रत काढून नव्यावर आधीच चढवा. जुना स्विच लगेच काढू नका. दोन्ही शेजारी ठेवून एकेक पोर्ट हलवा. मात्र दोघांमधली जोडणी एकच असू द्या. चुकून दुसरी लागली आणि स्पॅनिंग ट्री (असे फेरे ओळखून तोडणारी स्विचची सोय) बंद असेल तर लूप तयार होऊन अख्खं ऑफिस काही सेकंदांत ठप्प होतं. वेग कुठेही हातानं ठरवून टाकू नका. दोन्ही टोकं ऑटोवरच ठेवा, गिगाबिटपासून पुढे ते अनिवार्यच आहे. अगदी जुनं, १० एमबीपीएसचं एखादं यंत्र असेल तर ते जुन्या स्विचवरच ठेवा, कारण २.५ चे बरेच पोर्ट तेवढं खाली उतरतच नाहीत. याच कारणानं कधी कधी बंद संगणक दूरून जागा करण्याची सोय चालेनाशी होते: झोपेत काही कार्ड १० वर उतरतात आणि स्विचला ते दिसत नाहीत.

प्रत्येक पोर्ट हलवल्यावर लिंक २.५ वर आली का बघा, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. आयपर्फ ३ हा वेग मोजणारा मोफत प्रोग्रॅम सर्व्हरवर आणि संगणकावर चालवा, एक मिनिटभर, आधी एका दिशेनं आणि मग उलट दिशेनं. दोन्हीकडे २३५० एमबीपीएसच्या आसपास आकडा यायला हवा. एका दिशेला २३५० आणि दुसरीकडे १२०० आला तर आधी कार्डाचा ड्रायव्हर नवा करा, वीज वाचवणारं इथरनेटचं सेटिंग बंद करून बघा, मग पॅच कॉर्ड बदला, आणि त्यानंतरच सॉकेट उघडा.

शेवटी स्विचवरचे सीआरसी चुकांचे (वाटेत बिघडलेल्या पॅकेटचे) आकडे शून्य करून घरी जा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पुन्हा वाचा. चांगल्या लाइनवर शून्यच असतं. फार तर केबल लावता-काढताना एक-दोन चुका पडतात. दिवसभरात शेकड्यांनी वाढलेला पोर्ट सापडला तर त्याची पॅच कॉर्ड शून्य असलेल्या पोर्टशी अदलाबदल करा. चुका कॉर्डबरोबर गेल्या तर कॉर्ड फेका. जागच्या जागी राहिल्या तर त्या टेबलाची फेसप्लेट उघडायची वेळ आली. पोर्ट, सॉकेटचा नंबर, केबलची लांबी आणि मिळालेला वेग एका कागदावर लिहून तो रॅकच्या दाराला आतून चिकटवा.